व्हॉल्टवॉर्डनचा बॅकअप: घ्यायचा कसा आणि त्यातून सर्व्हर परत उभा करायचा कसा

स्वतःचा पासवर्ड सर्व्हर बसवणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. डॉकर कंपोजची (सर्व्हर कसा चालवायचा ते लिहिलेली) एक फाइल, एक डोमेन, पुढे रिव्हर्स प्रॉक्सी (बाहेरच्या विनंत्या सर्व्हरकडे पोचवणारा), की संध्याकाळपर्यंत घरातल्या सगळ्यांचे पासवर्ड आपल्या मशीनवर येतात. नेटबँकिंग, आयकर पोर्टल, विजेच्या बिलाचं खातं, आईच्या ईमेलचा पासवर्ड, सगळं एका ठिकाणी. मग एखाद्या पावसाळ्यात दिवसातून चारदा लाइट जाते आणि रास्पबेरी पायचं एसडी कार्ड वाचता येईनासं होतं. किंवा भाड्याने घेतलेल्या सर्व्हरचं नूतनीकरण राहून जातं आणि कंपनी नियमाप्रमाणे डिस्क पुसून टाकते. बसवायचे लेख ढिगाने सापडतात. बॅकअपवर बहुतेक जण एक परिच्छेद लिहितात, आणि परत उभं कसं करायचं यावर बरेचदा तोही नसतो.

हा लेख व्हॉल्टवॉर्डनसाठी आहे. बिटवॉर्डन या पासवर्ड सांभाळणाऱ्या सेवेच्या सर्व्हरशी जुळणारा, पण स्वतंत्रपणे रस्ट भाषेत लिहिलेला हा हलका सर्व्हर. २०२१ पर्यंत त्याचं नाव बिटवॉर्डन_आरएस असं होतं. फोनवरची आणि ब्राउझरमधली अॅप्स मात्र बिटवॉर्डनचीच वापरायची असतात. तुम्ही तो डॉकरमध्ये, म्हणजे कंटेनर नावाच्या स्वतंत्र डब्यात, चालवताय आणि डेटाबेस मुळातलाच, म्हणजे एसक्यूलाइट, ठेवलाय असं धरून चालतो. मारियाडीबी किंवा पोस्टग्रेस असेल तर डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) त्या-त्या साधनाने घ्या. बाकीचं सगळं तसंच. फाइलींची नावं आणि आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, टर्मिनलवर अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

डेटा फोल्डरमध्ये काय असतं

कंटेनरच्या आतला "/डेटा" हा फोल्डर तुमच्या मशीनवरच्या कुठल्यातरी फोल्डरशी जोडलेला असतो, बहुधा "व्हीडब्ल्यू-डेटा" अशा नावाच्या. तो उघडून बघा.

"डीबी.एसक्यूलाइट३" हा डेटाबेस. खाती, पासवर्ड, नोंदी, फोल्डर, संस्था (सामायिक नोंदींचे गट), सगळं यात. एका कुटुंबाचा असेल तर आकार जेमतेम काही एमबी. त्याच्या शेजारी त्याच नावाच्या, शेवटी "-डब्ल्यूएएल" आणि "-एसएचएम" असलेल्या दोन फाइली दिसतील. त्यांच्याकडे पुढे येतो. "अटॅचमेंट्स" फोल्डरमध्ये नोंदींना जोडलेल्या फाइली असतात. त्या डेटाबेसमध्ये नसतात, म्हणून डेटाबेस वाचवला म्हणजे पासपोर्टची स्कॅन कॉपीही वाचली असं होत नाही. "सेंड्स" फोल्डरमध्ये सेंड सुविधेने पाठवलेल्या फाइली. त्या मुळातच तात्पुरत्या, गेल्या तरी बिघडत नाही. "आयकॉन_कॅश" खुशाल सोडून द्या, संकेतस्थळांची चित्रं परत खाली उतरतात.

"कॉन्फिग.जेसन" ही फाइल तुम्ही अॅडमिन पानावरून सेटिंग जतन केलं असेल तरच असते. हिची एक खोड लक्षात ठेवा: यात जे लिहिलंय ते कंपोज फाइलमधल्या त्याच सेटिंगवर मात करतं. नवीन मशीनवर कंपोजमध्ये मेल सर्व्हर बदलला तरी बदल लागू होत नाही आणि माणूस तासभर चक्रावतो, तो हिच्यामुळे.

"आरएसए_की.पेम" ही छोटीशी फाइल बरेच जण विसरतात. लॉगिन केलेल्या प्रत्येक अॅपला सर्व्हर जे टोकन देतो, त्यावर या किल्लीने सही होते. ती हरवली तर सर्व्हर नवी बनवतो आणि काम चालू राहतं, पण आधीची सगळी टोकनं रद्द होऊन घरातल्या प्रत्येक फोनवरून, लॅपटॉपवरून लॉगआउट होतं. एरवी ही नुसती कटकट. सर्व्हर पडलेला असताना मात्र ती महागात पडू शकते, कारण लॉगआउट झालं की अॅपमधली पासवर्डांची स्थानिक प्रतही पुसली जाते.

डेटा फोल्डरच्या बाहेरचं एक: कंपोज फाइल, तिच्यासोबतची "डॉट ईएनव्ही" फाइल आणि रिव्हर्स प्रॉक्सीची मांडणी. या तीन गोष्टी नसतील तर डेटा हाती असूनही अर्धा दिवस जुळवाजुळवीत जातो. त्याही बॅकअपमध्ये घ्या.

चालू डेटाबेसची नुसती कॉपी का चालत नाही

व्हॉल्टवॉर्डन एसक्यूलाइटला डब्ल्यूएएल पद्धतीने चालवतो. नवी नोंद आधी "-डब्ल्यूएएल" फाइलीत लिहिली जाते आणि नंतर सवडीने मुख्य फाइलीत मिसळली जाते. तुम्ही फक्त मुख्य फाइल उचलली तर ताज्या नोंदी मागे राहतात. दोन्ही उचलल्या, पण कॉपी चालू असतानाच कुणी पासवर्ड बदलला, तर दोन फाइली दोन वेगवेगळ्या क्षणांच्या होतात. बहुतेक वेळा असं काही घडत नाही, त्यामुळे लोक वर्षानुवर्षं नुसती कॉपी करत राहतात.

यावर दोन सरळ उपाय आहेत. एक, कंटेनर थांबवा, पूर्ण फोल्डर कॉपी करा, परत चालू करा. मिनिटभर सर्व्हर बंद राहील. रात्री अडीचला कुणाला कळणारही नाही. नवख्या माणसाला मी हाच सुचवेन, कारण यात चुकायला जागा फार कमी. दुसरा, सर्व्हर चालू ठेवून डेटाबेसची सुसंगत प्रत काढणं. व्हॉल्टवॉर्डनच्या १.३२.१ आवृत्तीपासून ही सोय आतच आहे: "डॉकर एक्झेक व्हॉल्टवॉर्डन /व्हॉल्टवॉर्डन बॅकअप" अशी आज्ञा दिली की डेटा फोल्डरमध्येच तारीख-वेळ नावात असलेली एक नवी डेटाबेस फाइल तयार होते. जुनी आवृत्ती असेल तर यजमान मशीनवर (ज्यावर कंटेनर चालतो त्या) एसक्यूलाइट३ हे साधन बसवून त्याची "डॉट बॅकअप" आज्ञा वापरा. ती चालू डेटाबेसवरही बिनधास्त चालते.

अॅडमिन पानावरही डेटाबेस बॅकअपचं बटण आहे. ते फक्त डेटाबेसची प्रत काढतं. जोडलेल्या फाइली आणि सेटिंग त्यात येत नाहीत, आणि ती प्रत त्याच डिस्कवर राहते. आवृत्ती बदलण्याआधी पटकन दाबायला ठीक, पण रोजचा भरवसा त्याच्यावर नको.

डेटा फोल्डर सिंकथिंग किंवा नेक्स्टक्लाउड अशा फाइली जुळत्या ठेवणाऱ्या साधनाने दुसऱ्या मशीनशी जोडून ठेवणं म्हणजेही बॅकअप नव्हे. इथली फाइल बिघडली की तिथलीही बिघडते, तीही तत्परतेने. दोन डिस्कांवर एकच डेटा एकाच वेळी लिहिणाऱ्या रेड मांडणीचंही तेच.

रोजची स्क्रिप्ट

स्क्रिप्ट दहा ओळींची पुरते, क्रम मात्र महत्त्वाचा. आधी डेटाबेसची प्रत काढा, मग जोडलेल्या फाइली कॉपी करा. उलट केलं आणि मधल्या वेळेत कुणी फाइल जोडली, तर डेटाबेसमध्ये नोंद राहते पण फाइल बॅकअपमध्ये नसते. सुलट क्रमात फार तर एखादी बेवारस फाइल जास्तीची येईल.

डेटाबेसची प्रत निघाली की तिथल्या तिथे तपासा: एसक्यूलाइट३ने ती उघडून "प्रॅग्मा इंटेग्रिटी_चेक" चालवा. उत्तर "ओके" आलं तरच स्क्रिप्टने पुढे जावं. मग ती प्रत, अटॅचमेंट्स, कॉन्फिग, आरएसए किल्ली, कंपोज फाइली हे सगळं एका फोल्डरमध्ये गोळा करून पुढच्या टप्प्याकडे द्या. डेटा फोल्डरमध्ये साठत जाणाऱ्या तारीखवार प्रतींपैकी जुन्या पुसायची ओळही टाका.

क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या साधनात) लावताना दोन खड्डे आहेत. टर्मिनलवर आपण डॉकर एक्झेकपुढे सवयीने "-आयटी" लावतो. क्रॉनच्या मागे टर्मिनल नसतं, त्यामुळे त्यातल्या "टी"पायी आज्ञा तिथेच अडते. हाताने चालवली की चालते, रात्री चालत नाही, त्याचं कारण बऱ्याचदा हे. दुसरा खड्डा वेळेचा. भाड्याचे सर्व्हर बहुधा यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या वेळेवर, चालतात. तुम्ही क्रॉनमध्ये अडीच लिहिलं तर आपल्याकडे सकाळचे आठ वाजलेले असतात, आणि कंटेनर थांबवणारी स्क्रिप्ट असेल तर नेमकं ऑफिसला निघताना लॉगिन होत नाही.

बॅकअप बंद पडला तर कळलं पाहिजे. स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीतून कुठेतरी पिंग (छोटा संदेश) पाठवा आणि ठरल्या वेळी पिंग आला नाही तर मेल येईल अशी व्यवस्था करा. अपटाइम कुमा या देखरेखीच्या साधनात पुश प्रकारचा मॉनिटर यासाठीच आहे. फक्त तो कुमा त्याच मशीनवर चालत असेल तर मशीनबरोबर तोही जाईल.

कुलूप लावून घराबाहेर

"पासवर्ड तर आधीच एन्क्रिप्टेड आहेत, मग बॅकअपला वेगळं कुलूप कशाला?" हा प्रश्न नेहमी येतो. नोंदींचा मजकूर अॅपमध्येच कुलूपबंद होऊन सर्व्हरवर येतो आणि मास्टर पासवर्ड (ज्याने सगळ्या नोंदी उघडतात तो) सर्व्हरला कधीच कळत नाही, हे खरं. पण डेटाबेसमध्ये ईमेल पत्ते, मास्टर पासवर्डची सूचना म्हणून लिहिलेलं वाक्य, तारखा, द्विस्तरीय पडताळणीच्या अॅपचं गुपित हे उघडं असतं. कॉन्फिग फाइलीत मेल खात्याचा पासवर्ड सरळ वाचता येतो. शिवाय डेटाबेस कुणाच्या हाती लागला तर तो घरी बसून हव्या तितक्या वेळा मास्टर पासवर्डचे अंदाज लावू शकतो. घरात एकाचा जरी मास्टर पासवर्ड नाव आणि जन्मसाल असा असेल तर त्याची नोंदवही उघडलीच म्हणून समजा.

म्हणून बॅकअप कुलूपबंद करूनच बाहेर पाठवायचा. रेस्टिक हे साधन मला यासाठी सगळ्यात सोयीचं वाटतं. ते एन्क्रिप्शनशिवाय चालतच नाही, त्यामुळे विसरायची सोय नाही. "रेस्टिक इनिट" ने एकदा कोठार तयार करायचं, रोज "रेस्टिक बॅकअप", आणि "रेस्टिक फॉरगेट" ला सांगायचं की रोजच्या ७, आठवड्याच्या ४, महिन्याच्या ६ प्रती ठेव आणि बाकीच्या छाट. बदललेला भागच साठवला जातो, त्यामुळे जागा फार लागत नाही. बोर्ग हे तसंच दुसरं साधन वापरणारे ते वापरोत, भांडण नाही.

महिन्याच्या प्रती ठेवणं गरजेचं आहे. कुणीतरी घाईत काही नोंदी पुसतं, कचरापेटीही रिकामी करतं, आणि दीड महिन्याने आठवण येते की पीएफचा पासवर्ड त्यात होता. सात दिवसांचेच बॅकअप असतील तर सगळे सातही निरुपयोगी.

कोठार कुठे ठेवायचं? एक प्रत घरातल्याच दुसऱ्या डिस्कवर, एक पूर्णपणे दुसऱ्या ठिकाणी. दुसरं ठिकाण म्हणजे इंटरनेटवर साठवणीची जागा देणारी एखादी ऑब्जेक्ट स्टोरेज सेवा, किंवा सर्व्हर पुण्यात असेल तर नागपूरला भावाच्या घरी लावलेली डिस्क. पेनड्राइव्हवर घेऊन बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणारेही आहेत. प्रत जुनी होत जाते, पण काहीच नसण्यापेक्षा ती हजारपट बरी.

किल्ल्या कागदावर

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि यात तंत्रज्ञान जवळपास शून्य आहे. रेस्टिकच्या कोठाराचा पासवर्ड तुम्ही कुठे ठेवलात? बहुतेक लोक तो ठेवतात व्हॉल्टवॉर्डनमध्येच. सर्व्हर गेला की कोठार उघडायला पासवर्ड हवा, आणि पासवर्ड कोठारात. किल्ली कपाटात ठेवून कपाट ओढून घ्यावं तसं.

एक कागद घ्या. त्यावर रेस्टिकचा पासवर्ड, कोठाराचा पत्ता, ऑब्जेक्ट स्टोरेजच्या खात्याचं लॉगिन आणि प्रवेश-किल्ल्या, डोमेन जिथून घेतलंय तिथलं लॉगिन, तुमच्या व्हॉल्टवॉर्डन खात्याचा द्विस्तरीय पडताळणीचा रिकव्हरी कोड, आणि ज्या ईमेलवर हे सगळं अवलंबून आहे त्याचे बॅकअप कोड लिहा. मास्टर पासवर्ड त्याच कागदावर लिहायचा की नाही हे तुमच्या घरावर अवलंबून. मी तो वेगळ्या पाकिटात, वेगळ्या जागी ठेवावा असं म्हणेन. पण तो कुठेतरी असावाच. विसरलेला मास्टर पासवर्ड सर्व्हरचा मालकसुद्धा परत आणू शकत नाही.

कागद दोन प्रतींत असावा आणि घरातल्या दुसऱ्या एका माणसाला तो कुठे आहे हे ठाऊक असावं. सर्व्हर तुम्ही सांभाळता, पण दवाखान्यात तुम्हीच भरती असाल तर विम्याच्या पोर्टलचा पासवर्ड शोधायचं काम दुसऱ्याच कुणाचं असणार.

याच्या जोडीला, दोन-तीन महिन्यांतून एकदा अॅपमधून स्वतःच्या नोंदींची निर्यात काढून ठेवा. एन्क्रिप्टेड जेसन निवडताना दोन प्रकार दिसतील. खात्याशी बांधलेला प्रकार नको, तो दुसऱ्या खात्यात आयात होत नाही आणि सर्व्हरच गेला असेल तर काही कामाचा नाही. पासवर्ड लावलेला प्रकार घ्या. साध्या जेसन निर्यातीत जोडलेल्या फाइली, सेंड आणि कचरापेटी येत नाही; संस्थेच्या सामायिक नोंदींची निर्यात वेगळी काढावी लागते.

रंगीत तालीम

बॅकअप एकदाही परत उभा करून पाहिला नसेल तर तो आहे असं म्हणू नका. ही तालीम लॅपटॉपवर होते, चालू सर्व्हरला हात लावावा लागत नाही.

कोठारातून ताजी प्रत एका रिकाम्या फोल्डरमध्ये उतरवा, आणि पासवर्ड टाकताना त्या कागदावरूनच वाचून टाका, म्हणजे कागदाचीही परीक्षा होते. डेटाबेसच्या प्रतीचं नाव परत "डीबी.एसक्यूलाइट३" करा. लॅपटॉपवर व्हॉल्टवॉर्डनचा कंटेनर चालू करून हा फोल्डर त्याच्या "/डेटा"ला जोडा आणि त्याचा ८० क्रमांकाचा पोर्ट लॅपटॉपच्या ८८८८ वर आणा, तोही फक्त १२७.०.०.१ या पत्त्यावर. पत्ता "लोकलहोस्ट" असाच वापरायचा, लॅपटॉपचा नेटवर्कवरचा आयपी नाही. वेब व्हॉल्टला ब्राउझरची क्रिप्टो सुविधा लागते आणि ब्राउझर ती एचटीटीपीएसवर किंवा लोकलहोस्टवरच देतो.

चालू करण्याआधी या प्रतीतलं डोमेनचं सेटिंग बदलून लोकलहोस्टचं करा, कॉन्फिग.जेसनमध्ये असेल तर तिथेही. हे फार थोडे लोक करतात. जोडलेल्या फाइलींचे दुवे सर्व्हर या डोमेनवरूनच बनवतो. खरं डोमेन तसंच राहिलं तर तालमीच्या सर्व्हरवर "फाइल डाउनलोड" दाबल्यावर ब्राउझर ती मागायला खऱ्या, चालू सर्व्हरकडेच जातो. फाइल आली तर तुम्ही खूश, आणि बॅकअपमधला अटॅचमेंट्स फोल्डर रिकामा असला तरी पत्ता लागत नाही.

आता लॉगिन करा. ऑथेंटिकेटर अॅपचे सहा आकडे चालतील. हार्डवेअर किल्ली (लॉगिनसाठी जोडायचं छोटं उपकरण) मात्र डोमेनशी बांधलेली असते, ती लोकलहोस्टवर चालणार नाही. तालमीच्या प्रतीत अॅडमिन पानावरून त्या खात्याची द्विस्तरीय पडताळणी काढून टाका. नवीन उपकरणावरून लॉगिन झाल्याचा मेल येऊ शकतो, घाबरू नका, ते तुम्हीच आहात. गेल्या आठवड्यात घातलेली एक नोंद शोधा, एक जुनी शोधा, एक जोडलेली फाइल उघडून बघा. झालं की कंटेनर आणि फोल्डर दोन्ही पुसून टाका.

खरोखर सर्व्हर गेला तर

इथे मात्र क्रमांक देतो, कारण त्या वेळी डोकं ठिकाणावर नसतं.

१. घरच्यांना सांगा की अॅपमधून लॉगआउट करू नका आणि अॅप काढून परत बसवू नका. सर्व्हर बंद असतानाही, आधीच लॉगिन असलेलं अॅप मास्टर पासवर्डने किंवा बोटाच्या ठशाने उघडतं आणि सगळ्या नोंदी वाचता येतात. बदल तेवढे करता येत नाहीत.

२. शेवटच्या बॅकअपनंतर कुणी काही नवीन घातलं का, विचारा. घातलं असेल तर तो फोन विमान मोडवर टाका आणि त्या नोंदी कागदावर उतरवून घ्या. जुन्या बॅकअपमधून उभा राहिलेल्या सर्व्हरशी अॅप सिंक झालं की फोनवरच्या त्या नव्या नोंदी जाऊ शकतात.

३. नव्या मशीनवर डॉकर बसवा, कंपोज फाइल ठेवा. व्हॉल्टवॉर्डनची आवृत्ती बॅकअपच्या वेळची किंवा तिच्याहून नवी असावी. जुना डेटाबेस नवी आवृत्ती सुरू होताना आपोआप पुढे नेते, मागे मात्र नेता येत नाही.

४. कंटेनर बंद असतानाच डेटा उतरवा. त्याच फोल्डरमध्ये आधीची "-डब्ल्यूएएल" किंवा "-एसएचएम" फाइल पडलेली असेल तर ती हटवा. जुन्या डेटाबेसशेजारी भलत्याच वेळची डब्ल्यूएएल राहिली तर एसक्यूलाइट ती त्यात मिसळायला बघेल आणि चांगला बॅकअप बिघडेल. अपवाद एकच: कंटेनर थांबवून पूर्ण फोल्डर कॉपी केला असेल आणि त्यात डब्ल्यूएएल फाइल असेल, तर ती जोडी तशीच ठेवायची.

५. फाइलींची मालकी तपासा. कंटेनर ज्या वापरकर्त्याने चालतो त्याला फोल्डरमध्ये लिहिता आलं पाहिजे.

६. डोमेन तेच ठेवा, फक्त डीएनएस (डोमेन कुठल्या आयपीवर आहे ते सांगणारी नोंद) नव्या आयपीकडे वळवा. डोमेन बदललं की हार्डवेअर किल्ल्यांचं लॉगिन तुटतं आणि प्रत्येक अॅपमध्ये सर्व्हरचा पत्ता नव्याने भरावा लागतो.

७. आधी स्वतः ब्राउझरमधून लॉगिन करून बघा. नोंदी दिसल्या, जोडलेली फाइल उघडली, की मगच घरच्यांना सिंक करायला सांगा.

८. कागदावर उतरवलेल्या नोंदी परत घाला, आणि त्याच दिवशी नव्या मशीनवर क्रॉन लावून पहिला बॅकअप घ्या.

जुनं मशीन नंतर कधीतरी दुरुस्त होऊन परत येतं. ते नेटवर्कला जोडण्याआधी त्यावरचा व्हॉल्टवॉर्डन बंद करा आणि कंपोजमधलं आपोआप चालू होण्याचं सेटिंग काढा. घरातल्या राउटरवर त्याचा जुना आयपी राखीव असेल आणि स्थानिक डीएनएस अजून तिकडेच बोट दाखवत असेल, तर घरात असताना अॅप जुन्या सर्व्हरशी बोलतं आणि बाहेर मोबाइल डेटावर नव्याशी. मग सकाळी बदललेला पासवर्ड संध्याकाळी दिसत नाही. त्याची बॅकअप स्क्रिप्टही बंद करायला विसरू नका. नाहीतर ती त्याच रेस्टिक कोठारात जुना डेटा "आजची प्रत" म्हणून ढकलत राहील.